गोडं करून खारं

फिल्टरवाला माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसमोर थांबला आणि त्याने ‘च्च’ केलं. दुखवट्याला आल्यावर करतात तसं. चार दिवस झाले, ते ‘च्च’ कानातून निघत नाही.

आला होता आरओचं मेम्ब्रेन बदलायला. ते झाल्यावर निघावं की नाही? पण काचेवरच्या, वाळूवरच्या तपकिरी थराने त्याला धरून ठेवलं.

“साहेब, कधी गेले?”

“कोण?”

“मासे.”

“मासे अजून आणलेच नाहीत.”

“मग हे दिवे, हे पंप कुणासाठी?”

“बॅक्टेरियासाठी.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नव्या रीफ टँकवाल्याला, म्हणजे समुद्री मासे-प्रवाळांची टाकी मांडणाऱ्याला, कुणी न विचारताही नायट्रोजन सायकल सांगायची असते, आणि इथे तर विचारलं होतं. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर नीट वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दगड मोकळे, आणि मोकळी जागा दिसली की रुमाल टाकायला पहिले हजर होतात ते डायटम, म्हणजे हे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. त्यांचं कवच सिलिकाचं. नव्या वाळूतलं आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की तेही आटोपतात.

“म्हणजे आपोआप जाणार?”

“हो.”

“मग तुम्ही काय करता?”

करतो की! काचेवर मॅग्नेट फिरवतो, पाणी बदलताना वाळूवरचा थर नळीने ओढून घेतो, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो, दिवे सात तासांवर आणलेत. तोंडातून मात्र निघालं, “वाट बघतो.”

मग त्याला मिठाची बादली दिसली. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, पाण्याची स्पेसिफिक ग्रॅविटी (सापेक्ष घनता) १.०२५ येईपर्यंत, असं मी सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला.

“थांबा. मी आत्ता दुरुस्त केलेलं मशीन पाण्यातले क्षार काढतं. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि त्यात तुम्ही परत क्षार घालता.”

“वेगळे क्षार. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट, सिलिकेट, तांबं येतं...”

तो ऐकतच नव्हता. त्याने दाराबाहेरच्या पोराला हाक मारली आणि मला म्हणाला, “साहेब, याला एकदा सांगा ना.” मी परत सांगितलं. पोरगा हसला नाही, याचंच जास्त लागलं.

जाता जाता सल्लाही मिळाला: शेवाळ मारायचं औषध टाका, एका दिवसात चकाचक. हा सल्ला सगळेच देतात. मेलेलं शेवाळ सडून पोषण परत पाण्यातच येतं, हे कुणी सांगत नाही. दुसरे शहाणे फॉस्फेट रिमूव्हर भरभरून घालायला लावतात. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव, येतात: शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला बुडबुडे. ते आले की डायटम देवमाणूस वाटतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्यावं. शून्याचा हव्यास नको. आणि अ‍ॅस्ट्रिया नावाची शेवाळ खाणारी गोगलगाय पाठीवर पडली तर तिला सरळ होता येत नाही, हे दुकानदार तिला विकल्यावरसुद्धा सांगत नाही. हर्मिट खेकडा शंखासाठी गोगलगायीचा जीव घेतो, तेही नाही. त्यापेक्षा ट्रोकस घ्या, उलटी पडली तर आपली आपण उठते.

असो. फिल्टरवाल्याने निघताना माझ्या डीआयच्या, म्हणजे आरओतून सुटलेले क्षार टिपणाऱ्या रेझिनच्या, नळकांड्यावर बोट ठेवलं. रेझिनचा रंग उडत उडत वरच्या दोन बोटांवर आला होता.

“हे संपत आलंय.”

“क्षार मोजायचा मीटर शून्य दाखवतोय,” मी टेचात म्हणालो.

“यातून सिलिका सगळ्यात आधी निसटते, साहेब. मीटरला कळत नाही. ते तुमचे तपकिरी पाहुणे सिलिकाच खातात, म्हणालात ना?”

तेवढं बोलून त्याने पुन्हा ‘च्च’ केलं.