दुबई ओसाड वाळवंटात उगवलेली नाही

नोकरीसाठी दुबईला निघालेल्या माझ्या पुतण्याला व्हॉट्सॲपवर एक संदेश आला आणि तो त्याला शब्दशः खरा वाटला. पन्नास वर्षांपूर्वी तिथे वाळू आणि उंटांखेरीज काही नव्हते, तेल सापडले आणि एका शेखाने शहर उभे केले, कर नाहीत, निवडणुका नाहीत म्हणून कामे झटपट होतात, आणि कामगाराने पासपोर्ट मालकाकडे ठेवायचा हा तिथला नियमच आहे, असे त्यात म्हटले आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याने माणसाचे थेट नुकसान होते. असा नियम नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. तरीही पासपोर्ट काढून घेतले जातात, हे खरे. म्हणूनच त्याला ‘नियम’ म्हणत फिरणे म्हणजे फसवणाऱ्यांचे काम सोपे करणे आहे.

‘नुसती वाळू’ हे तर धडधडीत असत्य आहे. जे. जी. लॉरिमर यांनी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारसाठी तयार केलेल्या आणि १९०८ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या इराणी आखाताच्या गॅझेटियरमध्ये दुबईची वस्ती सुमारे १०,००० दिली आहे. एकट्या देरा भागात तेव्हा ३५० दुकाने होती. इराणने लिंगे बंदरात जकात वाढवली तेव्हा तिथले व्यापारी दुबईच्या खाडीवर आले, कारण दुबईचे तेव्हाचे शासक शेख मक्तूम बिन हशर यांनी परक्या व्यापाऱ्यांना करमाफी दिली होती. इथला मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. १९६६ पर्यंत दुबईत रुपया चालत असे, आणि १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा आपली रिझर्व्ह बँकच काढत होती. ज्या गावाशी मुंबईचा एवढा व्यवहार होता ते गाव नव्हतेच, असे मराठी माणसांनी एकमेकांना कळवत राहावे, याचा मला संताप येतो.

तेलाबाबत अर्धे सत्य मान्य करावे लागेल, कारण जेबेल अलीसारख्या मोठ्या बंदराला तेलाच्या पैशाचा आधार होता. मात्र तेल १९६६ मध्ये सापडले आणि १९६९ मध्ये निर्यात होऊ लागले, तर गाळाने भरत चाललेली खाडी दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी त्यापूर्वीच, कुवेतकडून कर्ज काढून, उपसून घेतली होती. दूरदृष्टी त्यांची होतीच, पण ती चालता व्यापार वाढवणाऱ्याची होती.

करांचे म्हणाल तर पगारावर प्राप्तिकर नाही, एवढेच खरे. ५ टक्के मूल्यवर्धित कर २०१८ पासून आणि कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर २०२३ पासून आहे.

निवडणुका नाहीत म्हणून भरभराट, असे म्हणणाऱ्यांनी २००९ चा नोव्हेंबर आठवावा. ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीने कर्जफेड लांबवण्याची विनंती केली, पुढे अबुधाबी या शेजारच्या अमिरातीने १० अब्ज डॉलर दिले तेव्हा निभावले, आणि जगातील सर्वांत उंच इमारतीचे ‘बुर्ज दुबई’ हे नाव जानेवारी २०१० मध्ये उद्घाटनाच्या वेळी बदलून अबुधाबीच्या तेव्हाच्या शासकांवरून ‘बुर्ज खलिफा’ करण्यात आले. ते कर्ज वाढत असताना त्याचा जाब विचारू शकेल अशी लोकांनी निवडलेली सभा दुबईत नव्हती.