देवळामागच्या आंब्यावर कुऱ्हाड चालवण्याआधी

वाडीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला: "वाघळं झोपतात ते झाड अशुभ, वर्षभरात वाळतं. वाघूळ तोंडानेच विष्ठा करतं, निपाह पसरवतं. झाड तोडा, नाहीतर फटाके लावून हाकला." त्याखाली कुणीतरी देवळामागच्या रायवळ आंब्याचं नाव घेतलं, कारण त्यावर वाघळं, म्हणजे फळं खाणारी मोठी वटवाघळं, झोपतात. म्हणून लिहितोय.

झाड वाळतं म्हणे. शेंड्याची पानं झडतात, बारीक डहाळ्या मोडतात, हे खरं. पण माझ्या आजीने परकर नेसायच्या वयात याच आंब्यावर वाघळं पाहिली होती. आंबा अजून धरतो.

आणि अशुभ कसलं? वाघूळ जागा पारखून घेतं. त्याला जमिनीवरून झेप घेता येत नाही, आधी खाली पडून मग पंख धरावे लागतात. म्हणून झाड उंच हवं, भोवती मोकळं हवं. पाणीही जवळ लागतं: उडता उडता ते पोट पाण्याला टेकवतं आणि मग फांदीवर येऊन ओली लव चाटतं. आपल्या आंब्याखालच्या व्हाळाच्या कोंडीत मे महिन्यातही पाणी असतं. अशी जुनी झाडं कोकणात उरली कुठे? देवराईत आणि देवळाभोवती, कारण तिथे कोयता चालवायची कुणाची छाती नव्हती. वाघळं झाडासाठी आली, आपण मात्र त्यांचा संबंध भुताखेतांशी जोडला.

झाडावरही कुणी कुठेही लटकत नाही. गेरहार्ड नॉयवायलर या जर्मन शास्त्रज्ञाने दक्षिण भारतातल्या एका वसाहतीचं निरीक्षण 1969 साली प्रसिद्ध केलं. नरांमध्ये मानपान असतो आणि प्रत्येकाची झोपायची जागा ठरलेली असते, असं त्याला दिसलं. पहाटे साडेपाचला देवळामागे जो कलकलाट होतो, त्यात या जागेवरूनची भांडणं असतात.

तोंडाने विष्ठा? दुर्बीण लावून पाहा. वाघूळ अंगठ्याच्या आकड्यांनी फांदी धरून सुलट होतं, काम उरकतं, पुन्हा उलटं लटकतं. तोंडातून पडतो तो रस चोखून झालेल्या फळाचा चोथा. उंडीच्या फळाचा वरचा गर खाऊन बीही तसंच टाकतं. त्या बियांचं तेल आपल्याकडे दिव्यांना आणि होड्यांना वापरत आले आहेत.

निपाहचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. या मोठ्या वाघळांत तो विषाणू असतो, 2018 साली केरळात माणसं दगावली. 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही त्याच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडल्या. पण हाकलल्याने धोका टळत नाही. युगांडातल्या किटाका खाणीत मारबर्ग या दुसऱ्या विषाणूच्या भीतीने हजारो वटवाघळं मारली. पुढे तिथे परतलेल्यांत त्या विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. शिवाय मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि उन्हाळ्यात ते तिच्या छातीला चिकटलेलं असतं. फटाक्याच्या आवाजाने आई उधळली की ते खाली पडतं.

कायद्यानेही वाघळं आता उपद्रवी नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यातली उपद्रवी प्राण्यांची यादी 2022 च्या दुरुस्तीत काढून टाकली.

काळजी घ्यायची ती अशी: दात लागलेलं फळ टाकून द्या, बाकीची धुऊन, सोलून खा. झाडावर उघडं टांगलेलं माडीचं मडकं झाकून ठेवा. खाली पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा.