व मंडळी

तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, आमच्या मालवणच्या घराची कौलं उडाली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी रात्रभर भिजली. सकाळी उघडली तर आतले सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. काकाने ते खळ्यात कडक उन्हात पसरले. (असं करू नका. चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात अलगद सोडवायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. हे शहाणपण मला नंतर आलं.) संध्याकाळपर्यंत त्यांची वाळकी पानं झाली होती.

तेव्हापासून मी ऑनलाइन शोधाशोध करतेय. शोधायची आहे पणजी. घरात सगळे तिला थोरली आये म्हणत. तिचं नाव काय, हे आज एकालाही सांगता येत नाही. सासूचं नाव घ्यायची रीत नव्हती, नातवंडांनी विचारलं नाही, संपलं.

हल्ली कुणीही म्हणतं, "अगं, सगळं नेटवर आहे." आहे ना. पण ते कुणी आणि कशासाठी जपलं, ते बघा. सरकारने कागद राखले सारा वसूल करायला. आता धडाधड स्कॅन झाले त्यातले बरेचसे जातीच्या दाखल्यांपायी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर पानंच्या पानं चढली आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला. माझी त्याला हरकत नाही, मीही त्यातलीच पानं चाळलीत. पण गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, त्यात बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं "मुलगी". मुलीचं नाव नाही. आईचंही नाही.

आमच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब आहे, मूळ गोव्याचं. त्या बाईंना फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या साइटवर गोव्याच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळाल्या. आई, आजी, सगळ्या नावानिशी. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

शेवटी उपयोगी पडला तो सातबारा. ज्यांना शोधायचं आहे त्यांच्यासाठी सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात बारीक आकडे असतात. ते फेरफाराचे नंबर. कोण मेलं, कुणाचं नाव लागलं, कुणी विकलं, हे सगळं त्या नंबराच्या फेरफारात असतं. तो काढायचा, त्यात आधीच्या फेरफाराचा नंबर मिळतो, मग तो काढायचा. जिना उतरावा तसं एकेक पायरी मागे. 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर हे जुने फेरफार किरकोळ फी भरून उतरवून घेता येतात. सिंधुदुर्गही त्यात आहे. आजोबांचं नाव टाकून शोधायला जाल तर हात हलवत परत याल, तिथे जमिनीचा नंबर लागतो. आणि एक लक्षात ठेवा, आपला जिल्हा १ मे १९८१ चा. त्याआधीचे कागद रत्नागिरीच्या नावाने बघायचे. सावंतवाडीकडचे असाल तर १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यांची दप्तरं वेगळी.

तर १९३६ चा फेरफार. पणजोबा मयत. वारस म्हणून माझे आजोबा, वय वर्षे नऊ. आणि त्यांच्या नावापुढे: "अ.पा.क. आई भागिरथी".

अज्ञान पालन कर्ता. जमीन तिची नव्हती, पोर लहान होता म्हणून तिचं नाव लिहावं लागलं. आजोबा तेव्हा अठराचे असते तर मला भागिरथी मिळालीच नसती. त्या अक्षरांवरून मोबाइलच्या काचेवर बोट फिरवत मी बराच वेळ बसले होते.

नाव मिळालं, आता चेहरा. परळच्या चुलत भावाने घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. आमचीच ओटी, सात पुरुष, दोन पोरगे. मी म्हटलं, मागची बाजू टाक. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. आपण सगळे हेच करतो, पुढची बाजू पाठवतो आणि लिहिलेली बाजू घरी ठेवतो. चार दिवसांनी टाकली. पेन्सिलीने लिहिलं होतं: "गणपती, १९४१". खाली डावीकडून सगळ्या पुरुषांची आणि पोरग्यांची नावं. शेवटी "व मंडळी".

मंडळी कुठे आहेत त्या फोटोत? एकही बाई दिसत नव्हती.

त्याचं कारण वेगळंच निघालं. भावाने पाठवला होता तो फोटो कुठल्याशा अॅपमधून 'सुधारून' घेतलेला. रंगीत केला, डाग काढले, आजोबांच्या टोपीला निळा रंग दिला (टोपी निळी?), सगळ्यांचे गाल गुळगुळीत. मी त्याच्यावर जरा चिडलेच. म्हटलं, मला तो डागाचाच हवा, फ्रेममधून काढून जसाच्या तसा स्कॅन कर, आणि व्हॉट्सअॅपवर टाकायचाच तर डॉक्युमेंट म्हणून टाक, नाहीतर बारीकसारीक सगळं चेपून जातं. कुरकुरत केला.

मूळ फोटोत ओटीच्या डाव्या खांबामागे कुणीतरी उभं आहे. अर्धा खांदा, डोक्यावरून घेतलेल्या पदराची कड, खांबावर टेकलेला हात. अॅपने त्याचा डाग समजून खांबाचं लाकूड रंगवून टाकलं होतं.

मी लॅपटॉप घेऊन आत्याकडे गेले. आत्याचं वय पंचाहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी काहीच बोलले नाही, नुसता फोटो मोठा केला. तिने आधी सगळे पुरुष ओळखले, एकेकाच्या खोड्या सांगितल्या, मग चष्मा पुसला.

"आणि ही थोरली आये मा?"

कशावरून, मी विचारलं. तोंड तर दिसतच नाही.

"तोंड कित्याक होया? हात बघ. काकण नाय, पण गोंदलेला दिसता मा? त्याच हातान पेज वाढी माका."

मग म्हणाली, "विधवा ती. गणपतीच्या फोटोत कोण घेतला तिका? आपणच येवन उभी ऱ्हवली आसतली."

मूळ फोटो अजून परळलाच आहे. भावाला सांगितलंय, चतुर्थीला येताना घेऊन ये, मागे पेन्सिलीने एक नाव लिहायचं राहिलंय.