कांद्याची साल आणि माझे एक हजार पन्नास रुपये

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडला मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या सोसायटीत खाली ऑरगॅनिक भाजीचा स्टॉल लागला होता. तागाच्या पिशव्या, पाटीवर खडूने लिहिलेले भाव आणि "ताई, नुसतं चाखून तर बघा" म्हणणारा गोड मुलगा. घरात चार वर्षांचं पोर, 'आपण रोज विष खातोय' छापाचे फॉरवर्ड वर्षभर वाचलेले, आणि पगार होऊन जेमतेम दोन दिवस झालेले. व्हायचं तेच झालं. दोन किलो कांदे 140, दोन नारळ 120, पाव किलो लसूण 150, एक पपई 130, किलोभर गूळ 180, किलोभर तांदूळ 170, अर्धा किलो भेंडी 80, पालकाच्या दोन जुड्या 80. झाले 1,050.

वर्तकनगरला घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली, भाव विचारला, आणि कांदा हातात धरून म्हणाल्या, "याची साल काढूनच चिरणार ना गं तू?"

टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, म्हणून जास्त लागलं.

नारळाला तर करवंटी आहे. पपईची साल आपण सोलून टाकतो. लसणाचंही तेच. रात्री हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की 1,050 पैकी जिथे जादा पैसे मोजण्यात काही अर्थ होता ते फक्त भेंडी आणि पालकाचे 160. बाकी सगळं मी माझ्या भीतीसाठी विकत घेतलं होतं.

आमची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. घरात पाच माणसं, भाजी आणि फळं मिळून महिना 6,000. सगळं ऑरगॅनिक घ्यायचं तर हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे विषय संपला. ओढूनताणून वर 600 रुपये निघतात, तेही एका रविवारचं हॉटेल बंद करून. हे 600 कुठे घालायचे एवढाच माझा प्रश्न आहे. 'ऑरगॅनिक चांगलं की थोतांड' यावर भांडायला माझ्याकडे वेळही नाही आणि तेवढे पैसेही नाहीत.

इंटरनेटवर यावर तयार यादी मिळते. अमेरिकेतली एक संस्था दरवर्षी सर्वांत जास्त फवारणीच्या औषधाचे अंश सापडणाऱ्या बारा फळं-भाज्यांची यादी काढते, आणि सगळ्यात स्वच्छ पंधरांचीही. मी ती फ्रिजवर चिकटवणार होते. मग नीट वाचली. वाईट यादीत स्ट्रॉबेरी, चांगल्या यादीत अ‍ॅव्होकॅडो. जांभळी नाक्याला अ‍ॅव्होकॅडो मागितला तर आमचा भाजीवाला मला बसायला स्टूल देईल. शिवाय ती यादी तिकडच्या शेतीची, तिकडच्या तपासणीची आहे. आपल्याकडे वांग्यात, भेंडीत, फ्लॉवरमध्ये कोणती अळी पडते आणि तिच्यावर शेतकरी काय मारतो, हे त्या यादीला कसं कळणार?

ते कळायला माझ्याकडे मामा आहे. नाशिककडे पिंपळगाव बसवंतजवळ त्याची द्राक्षाची बाग आहे. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की एक नियम असायचा: औषधांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दारातून डबे दिसायचे, प्रत्येकावर रंगीत चौकोन. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. मामाच्या मुलीला अक्षरओळख व्हायच्या आधी हे चार रंग कळत होते.

द्राक्ष हे फारच नाजूक पीक. ऑक्टोबर छाटणी झाली की माल निघेपर्यंत चारेक महिने डाऊनी, भुरी हे रोग आणि थ्रिप्स ही कीड यांच्याशी सामना. त्यात अवकाळी पाऊस आला तर मामा झोपत नाही, ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर लावून पहाटेच बागेत. युरोपला जाणाऱ्या मालाची गोष्ट वेगळी: तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, अंश जास्त निघाला तर तो माल तिकडे जात नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. गावात त्याला लिहोसीन म्हणतात. ते कीटकनाशकही नाही, वेलीची वाढ रोखणारं संजीवक आहे. त्या वर्षाचं नाव काढलं की मामाचा आवाज अजून बदलतो. ठाण्याला येणाऱ्या पेटीला मात्र अशी तपासणीची अट नाही. ती थेट आपल्या हातगाडीवर येते.

मी त्याला फोन करून विचारलं, "मामा, ऑरगॅनिक द्राक्षं घेऊ का?"

"घे की, पण कोणाची?" तो म्हणाला. "बिनाऔषधाची बाग आणायला जिगर लागती. ज्याच्याकडं कागद आहे त्याच्याकडून घे. नुसती पाटी बघून घेऊ नको. आणि बोर्डो तो बी मारतो बरं का, आम्ही बी मारतो."

हे मला नवीन होतं. ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही असं मी धरून चालले होते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क वगैरे सेंद्रिय शेतीत नियमांच्या चौकटीत चालतं. चालत नाहीत ती रासायनिक कीटकनाशकं आणि रासायनिक खतं.

पण मामाच्या बोलण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट द्राक्षाबद्दल नव्हती, भेंडीबद्दल होती. औषधाच्या प्रत्येक डब्यासोबत माहितीपत्रक येतं. फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही ते त्यात छापलेलं असतं. कुठे 3 दिवस, कुठे आठवडा, कुठे त्याहून जास्त. आता भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि जून भेंडीला कोणी विचारत नाही. मग 3 दिवस थांबायचं कसं? मिरची, वांगी, काकडी, जे जे तोडून पुन्हा येतं त्या सगळ्याचं दुखणं हेच. त्याउलट कांदा महिनोन्‌महिने जमिनीत, मग चाळीत, मग आपल्या टोपलीत. तेव्हापासून भाजी घेताना मी दोनच गोष्टी बघते: ही भाजी किती वेळा तोडतात, आणि मी हिची साल काढते का. माझ्यापुरती यादी यातूनच तयार झाली.

पालेभाजी या यादीत पहिली, कारण ती सगळीच पानं, सोलायला काही नाही. पण आपल्या भागात पालेभाजीची आणखी एक भानगड आहे जिच्यावर ऑरगॅनिकचा उतारा नाही. लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला हिरवेगार वाफे दिसतात ना? पालक, लाल माठ, आणि शेजारून वाहणारा नाला. पाण्यात आणि मातीत जे जड धातू असतील ते पानात येतात, मग वर औषध मारा नाहीतर गोमूत्र. धुऊनही जात नाहीत. म्हणून पालक कुठून आला हे मी आता विचारतेच. "नाशिकवरून" असं सगळेच सांगतात, तो भाग वेगळा. मुळाला काळी चिकट माती दिसली तर थोडा विश्वास बसतो.

कढीपत्त्यावर मी एक रुपया जादा खर्च करत नाही, साधाही विकत घेत नाही. युरोपने भारतातून येणाऱ्या कढीपत्त्यावर आणि भेंडीवर कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणी लावली होती हे वाचल्यावर मी खिडकीतल्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवली. रोप 50 रुपयांचं. दोन वर्षांत फोडणीपुरतं विकत आणलेलं नाही.

डाळ-तांदूळ ऑरगॅनिक घेत नाही. महिन्याला 12 किलो तांदूळ लागतो, किलोमागे 60 जरी जादा धरले तरी 720, म्हणजे माझं सगळं बजेट भातातच शिजणार. तूरडाळ बिनपॉलिशची घेते, बास. हळकुंडं आणून दळून घेते. हळदीत भीती पिवळ्या रंगाच्या भेसळीची असते, ती भेसळ शेतात होत नाही, नंतर होते.

गुळाबद्दल मात्र मी पक्की फसले होते. काळपट दिसला म्हणून सेंद्रिय मानला. फिकट पिवळाधमक गूळ हायड्रोस नावाचं रसायन टाकून उजळलेला असू शकतो, हे खरं. पण त्यावरून काळा गूळ सेंद्रिय ठरत नाही. उसाची जात, जमीन, कढईत किती तापला, कशानेही काळा होतो. नुसता करपलेला गूळही मी 180 रुपयांना आणला असेल.

'कागद' म्हणजे काय, तेही शोधलं. पॅकबंद सेंद्रिय मालावर सरकारी शिक्का असतो. त्यामागे दोन पद्धती: एक त्रयस्थ संस्थेकडून तपासणीची, एनपीओपी, आणि दुसरी शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या शेतावर लक्ष ठेवण्याची, पीजीएस. रासायनिक शेत सेंद्रिय करायला हंगामी पिकांना साधारण 2 वर्षं आणि फळबागांना 3 वर्षं जातात. त्या काळात उत्पन्न घटलेलं आणि भाव साधाच. म्हणून खऱ्या सेंद्रिय भेंडीला 160 मागितले तर मी घासाघीस करत नाही. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्यामुळे शिक्का नाही म्हणून त्याला चोर ठरवण्यातही अर्थ नाही. मी त्याला एकच विचारते, "आज काय नाहीये तुमच्याकडे?" ज्याच्या स्टॉलवर जूनमध्ये मटार, फ्लॉवर, गाजर सगळं हजर असतं, त्याचं शेत बहुधा वाशीच्या एपीएमसीच्या घाऊक बाजारात आहे.

बाकी साधी भाजी धुवायची. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर दोन औषधं लावून बघितलं होतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं औषध नुसत्या पाण्यापेक्षा पुष्कळ चांगलं निघालं. जे सालीच्या आत मुरलं होतं ते मात्र निघालं नाही. लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे सोडा. बाजारात याच कामासाठी दीडशे-दोनशेच्या बाटल्या मिळतात, त्यांना मी हात लावत नाही.

तर माझे 600 असे जातात: पालेभाजीच्या 8 जुड्या, प्रत्येकी 20 जादा, 160. भेंडी 2 किलो, 140. फ्लॉवर दोन, 80. वांगी किलोभर, 60. झाले 440. उरलेले 160 लेकाच्या फळांना, म्हणजे सालीसकट खातो त्या फळांना. केळं, कलिंगड, संत्रं साधंच. एखाद्या महिन्यात शाळेची फी आली की हे 600 पण शून्य होतात, आणि तेव्हा आम्ही साधी मेथी खातो, व्यवस्थित खातो.

हे मुद्दाम लिहितेय. मार्चमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मला विचारलं, "वहिनी, साधी मेथी पोरीला देऊ का नको? त्या वरच्या मॅडम म्हणतात त्यात विष असतं." त्यांनी आठवडाभर घरात पालेभाजी आणली नव्हती. बटाटा आणि बिस्किटं चालू होती. मला इतकी लाज वाटली, कारण त्या 'वरच्या मॅडम'सारखी बडबड फेब्रुवारीत मीही त्यांच्यासमोर केली होती. 2012 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्नात औषधाचे अंश सापडण्याची शक्यता कमी, पण ते जास्त पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. ताईंना एवढंच सांगितलं, "द्या, बिनधास्त द्या. दोन पाण्यात जास्त धुवा."

एका बाबतीत मात्र मी हिशेब बाजूला ठेवते. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसं गेली. मामाही दोनदा बागेत चक्कर येऊन पडलाय. आपल्या ताटात येतो तो अंश. पाठीवर पंप घेणाऱ्याच्या अंगावर पूर्ण डोस येतो. ते आठवलं की 160 ची भेंडी मला महाग वाटत नाही.

मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. त्याच ताई मुरबाडला माहेरी जाऊन आल्या आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून शेवळं ही रानभाजी घेऊन आल्या. कुरडू आणि टाकळा या रानभाज्या अजून यायच्यात म्हणाल्या, आला की आणते. ना खत, ना फवारणी, ना शिक्का, ना भाव. पैसे देऊ केले तर रागावल्या. सोबत शेवळांची खाज मारणारी काकडं, म्हणजे आंबट रानफळं. जाताना दारातून बजावलं, "वहिनी, काकडं पुडीत बांधलीत, ती सगळी घाला. कमी घालाल तर खवखवेल."

सासूबाईंनी आमटी केली. काकडं मी चिरली, आणि आंबट होईल म्हणून त्यांना न विचारता तीन-चार बाजूला काढून ठेवली. संध्याकाळपर्यंत घरात पाचही जण घसा खाकरत होते.