तिसऱ्यांदा गेलो, पण रोज संध्याकाळी घरी परत येऊन

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या घरी बसलो होतो. पोरगा सव्वीस-सत्तावीसचा. एकदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला, दिवाळीनंतर परत सुरू झालेला. वडील त्याच्यासमोरच मला म्हणाले, "एकदा पैसे घालून पाहिले की भाऊ. आता काय उपेग? ह्याच्या नशिबातच नाही." पोरगा खाली मान घालून फरशीच्या सांध्यात नख फिरवत होता. वर बघतच नव्हता. मीही कधीकाळी असाच बसायचो. घरी आलो, पण ते नख डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून हे लिहायलोय.

मी दारूच्या उपचाराला तीनदा गेलो. परभणी जिल्ह्यात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. ओळखणारे ओळखतील, आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

पहिल्यांदा 2019 च्या सुरुवातीला. केंद्र चांगलं होतं, माणसं मायेची होती. महिनाभर राहिलो, अंगावर मांस चढलं, हाताची थरथर थांबली. घरी आल्यावर माळ घातली. पाच महिने अगदी सरळ गेले. मग पोळ्याच्या करीला चुलतभावाच्या शेतात मटणाचा बेत झाला. मटण खायचं म्हणून माळ काढून खिशात ठेवली. ती माळ त्या रात्री परत गळ्यात आली नाही.

दुसऱ्यांदा 2021 ला घरच्यांनी हात टेकले आणि एका ठिकाणच्या लोकांना बोलावलं. रात्री दोनला चौघे आले, मला उचलून गाडीत घातलं. तीन महिने कुलपात होतो. पट्ट्यानं मारायचे. घरच्यांना फोनवर "खुशाल आहे" म्हणायचं, शेजारी माणूस उभा असायचा. घरच्यांना मी दोष देत नाही, त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता. पण आज ज्यांच्या घरात हा विचार चाललाय त्यांनी एवढं ध्यानात घ्या: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारा मानसिक आजारही धरलेला आहे. अशा आजाऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. माणसाला साखळीनं बांधायला त्यात मनाई आहे. नोंदणी विचारा, दाखवत नसतील तर तिथून परत फिरा. मी सुटलो त्याच दिवशी एसटी स्टँडच्या मागे जाऊन प्यायलो. तीन महिन्यांत मी फक्त राग साठवला होता.

तिसरी वेळ 2023 च्या एप्रिलमध्ये आली. दोन दिवस घेतली नव्हती, दुकानात बिल फाडता फाडता फिट आली. खताच्या थप्पीवर डोकं आपटलं. आठ दिवस वॉर्डात होतो. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, आता डे-केअरला यायचं. सकाळी दहा ते चार, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, मग हळूहळू कमी. राहायचं घरीच.

मामा भेटायला आले होते. ते म्हणाले, "आता कामून जायलास परत? दोनदा जाऊन आलास की." मलाही तेच वाटत होतं. शिवाय कुलपात राहून जे जमलं नाही ते रोज घरी येऊन कसं जमणार? बायको म्हणाली, "अहो, एक दिवस जाऊन तर या." एवढ्यावर गेलो.

पहिल्या दिवशी समुपदेशक ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, जो आधीच्या चार महिन्यांत कुणीही विचारला नव्हता. "आज संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरी बाटली कुठं असेल?"

मी गप्प. त्या वाट बघत बसल्या. शेवटी सांगितलं: गोदामात जुना फवारणीचा पंप आहे, त्याच्या टाकीत.

केंद्रात बाटली नसतेच, तर तिथं हा प्रश्न येणार कुठून? तिथं संध्याकाळी सातला प्रार्थना असते, जेवण असतं, आपल्यासारखीच माणसं असतात. पण माझी दारू संध्याकाळी सहा ते आठमध्ये होती. दुकानातली वर्दळ ओसरते, उधारीवाल्यांची वही उघडते, समोरच्या टपरीवर ओळखीचे चेहरे जमतात, ते दोन तास. ते दोन तास कसे काढायचे हे मला महिनाभर लांब राहून कुणी शिकवूच शकत नव्हतं. त्या रात्री बायकोला घेऊन गोदामात गेलो. पंपाचं झाकण मी काढलं, टाकी तिनं मोरीत उपडी केली. आतून एक चपटी आणि दोन नव्वद्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परभणीला जाऊन हे सगळ्यांसमोर सांगितलं.

दिवस असा असायचा: गेल्या गेल्या दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं, बीपी, गोळी सिस्टरसमोर घ्यायची. मग गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं फक्त कालची संध्याकाळ सांगायची. आयुष्याची कहाणी नाही, कालची संध्याकाळ. कुणासोबत होता, काय खाल्लं, तलफ किती वाजता आली, दहापैकी किती होती, किती वेळ टिकली. आम्हाला त्यासाठी शंभर पानी वही दिली होती. माझ्या वहीत मला स्वतःलाच दिसलं की तलफ येते ती बहुतेक रिकाम्या पोटी, आणि वीस-पंचवीस मिनिटं दम धरला की उतरते. त्यानंतर बायको साडेपाचलाच दुकानात भाकरी पाठवायला लागली. एवढीशी गोष्ट, पण माझ्यासाठी ती गोळीइतकीच मोठी ठरली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. एकोणिसाव्या दिवशी मी प्यायलो. मानवत रोडच्या पुढं गाडीत एक जुना गिऱ्हाईक भेटला, उतरल्यावर सोबत गेलो. आधीच्या दोन्ही वेळा एकदा घसरलो की लाजेनं महिनोन्महिने वर आलो नव्हतो. गेलंच आहे तर जाऊ दे, असं व्हायचं. या वेळी मात्र सकाळी पुन्हा डबा घेऊन तिथं जायचंच होतं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी गाडीत बसलो, फुंकलो, मशीननं दाखवलं. कुणी ओरडलं नाही. ताईंनी वही पुढं केली आणि म्हणाल्या, "लिहा. किती वाजता, कुठं, आधी पोटात काय होतं." त्या दिवशी गाडीतली बसायची जागा बदलायचं ठरलं. पुढचा महिनाभर धाकटा भाऊ स्टेशनावर घ्यायला आला.

दोन महिने चालणारी घसरण एका संध्याकाळीत थांबली. मी दिवसाच्या उपचाराचा एवढा पुरस्कार करतो तो या एका कारणासाठी. घसरण होणारच नाही असं तिथं कुणी म्हणत नाही. व्यसनातून बरं होताना शंभरातले चाळीस ते साठ लोक पुन्हा घसरतात, आणि दमा, रक्तदाब यांतही औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचं प्रमाण साधारण असंच असतं. बीपी वाढला म्हणून बापाला कुणी "तुझ्या नशिबात नाही" म्हणत नाही. गोळी बदलतात, मीठ कमी करतात.

अमेरिकेत व्यसनोपचाराच्या डॉक्टरांच्या संघटनेनं याच्या पायऱ्याच ठरवल्यात: आठवड्याला 9 तासांच्या उपचारापासून पुढं एक पायरी, 20 तासांपासून पुढं दुसरी, त्याच्यावर राहून उपचार. माणसाच्या तब्येतीप्रमाणं वर-खाली न्यायचं. आपल्याकडं मात्र लोकांच्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत: नेऊन टाकायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

राहून घ्यायच्या उपचाराला मी नावं ठेवत नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून उभं आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं सुरू केलेलं, आणि तिथून किती घरं परत उभी राहिली हे मराठी माणसाला सांगायला नको. ज्याला दारू बंद केल्यावर फिट येते, भास होतात, त्यानं आधी दवाखान्यात भरतीच व्हायला पाहिजे. घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. ज्याच्या घरातच रोज बाटली उघडते त्यालाही आधी लांब राहणंच बरं. आणि भाजीत गुपचूप पावडर कालवून देऊ नका, हात जोडून सांगतो. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि वरून तो प्यायला, तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

आमच्या गोलात गंगाखेडकडचे एक काका होते. दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. मुकादमाची उचल घेतलेली, थांबता येत नव्हतं. आम्हाला वाटलं गेले ते गेले. पाडव्यानंतर परत आले, फडावर चार महिने पीत होते हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वही मागितली. ताईंनी त्यांची जुनीच वही कपाटातून काढून दिली. पुढच्या कोऱ्या पानावर त्यांनी तारीख घातली.

2019 च्या देशपातळीवरच्या सर्वेक्षणात निघालं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. मराठवाड्यात पेरणी सोडून, वसुली सोडून, मजुरी बुडवून महिनाभर लांब जाऊन राहणं किती जणांना परवडतं? मी मे-जूनच्या सीझनमध्ये उपचार घेऊ शकलो, कारण संध्याकाळी दुकानात उभा राहू शकत होतो. मोठ्या इमारती नकोत. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दहा ते चार एक खोली, एक समुपदेशक, एक सिस्टर, आठवड्यातून दोनदा डॉक्टर आणि अप-डाऊनचा पास, एवढं मागायला आपण आमदारांच्या दारात का जात नाही? रस्त्यासाठी जातोच की.

त्या पोराच्या वडिलांना मी त्या दिवशी एवढं सगळं बोलू शकलो नाही. काल फोन केला. सोमवारी तो माझ्यासोबत येतोय.

तुमच्या घरात कुणी असेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर 14446 आहे, मानसिक आधारासाठी टेलिमानस 14416. आणि जवळपासचे असाल तर इनबॉक्स करा. महिन्यातून दोन सोमवार मी अजूनही फॉलोअपला जातो, सकाळच्या गाडीनं. डबा जास्तीचा आणतो.