खाजवून खरूज कशी जपावी

दिवसभर बरं असतं आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुटते? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला, बेंबीभोवती? आणि दिवा मालवल्यावर घरातलं आणखी कुणीतरी कराकरा खाजवताना ऐकू येतं? मग लक्षणं उत्तम आहेत. आता घाईने डॉक्टरकडे जाऊन सगळं बिघडवू नका. आधी ‘उष्णता वाढलीय’ असं जाहीर करा. उष्णता चारचौघांत सांगता येते. खरूज म्हणायला जीभ रेटत नाही.

शिवाय खरूज घाणेरड्या माणसांना होते आणि तुम्ही तर दोनदा आंघोळ करता! खरजेच्या किड्याच्या कानावर ही बातमी अजून गेलेली नाही. कातडीला कातडी जरा वेळ लागली की तो निवांत चालत येतो. (त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही.) अर्ध्या मिलिमीटरहून लहान असलेली मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना संसार करते. बाहेरून बारीक, नागमोडी रेघ दिसते. दिसलीच तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. १६८७ मध्ये इटलीच्या बोनोमो नावाच्या डॉक्टरने या किड्याचं वर्णन करून खाजेचं खापर त्याच्यावर फोडलं होतं. पण इतक्या नव्या माहितीवर एकदम विश्वास कशाला?

दरम्यान कपाटातलं एखादं जुनं स्टेरॉइडचं मलम चोळा. पुरळ मावळतं, खाज दबते, रोग डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. किड्यांचं काम खाली चालूच राहतं.

एवढं करूनही कुणी पर्मेथ्रिनचं (हे किडे मारणारं औषध) ५ टक्क्यांचं मलम लिहून दिलंच, तर ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली लावून ८ ते १४ तास ठेवायचं असतं, आणि आठवड्याने पुन्हा. तुम्ही ते अत्तरासारखं वापरा. खाजेल तिथे एक ठिपका.

मात्र खरी करामत पुढे आहे. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घ्यायचे असतात. कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि त्या काळातही माणूस इतरांना किडे वाटत असतो. म्हणून तुम्ही पाळ्या लावा. या महिन्यात तुम्ही, पुढच्या महिन्यात बायको, मग धाकटा, मग पुन्हा तुम्ही. अशाने एक मूठभर किडे (अंगावर बहुधा दहा-पंधराच असतात!) कुटुंबाला वर्षभर पुरतात.

कपडे-चादरी गरम पाण्यात धुणं, धुता न येणारं पिशवीत तीन-चार दिवस घट्ट बांधून ठेवणं, हे फारच सोपं पडतं. अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांतच मरतो, त्यात कसला पुरुषार्थ? त्यापेक्षा गादी जाळा आणि कुत्र्याला दोष द्या; त्याचा किडा वेगळा असला म्हणून काय झालं.

उपचार नीट झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेव्हा तिसऱ्याच दिवशी ‘औषध फालतू निघालं’ म्हणून डॉक्टर बदला. नव्या डॉक्टरांनी ‘घरात आणखी कुणाला खाज आहे?’ असं विचारलं की ठासून ‘छे, कुणालाच नाही’ म्हणा. म्हणताना दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवा. सोबत आलेल्यालाही तसंच बसायला सांगा.