सायन हॉस्पिटलचा इतिहास सिस्टर आणि आयाबाईंकडे आहे

सायन हॉस्पिटलचं नाव निघालं की लोक गर्दीबद्दल बोलतात, नाहीतर एखाद्या व्हायरल व्हिडिओबद्दल. तक्रारी खऱ्या असतात, त्या झाल्याच पाहिजेत. पण या हॉस्पिटलने मुंबईला काय दिलं, हे आपण कधी एकमेकांना सांगणार?

१९४७ साली लष्कराच्या बराकीत अवघ्या १० खाटांवर ते सुरू झालं. तेव्हा शीव (म्हणजेच सायन) हे मुंबईचं उत्तर टोक. १९६४ला मेडिकल कॉलेज आलं. एका अंगाला धारावी, दुसरीकडे हायवे, जवळच रेल्वेचे रूळ. त्यामुळे गाडीतून पडलेला, ट्रकने उडवलेला माणूस इथेच यायचा आणि येतो. २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांतले जखमीही इथे आणले होते.

मला मात्र सगळ्यात जास्त अभिमान मिल्क बँकेचा आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं वरच्या दुधाने आजारी पडायची, जंतुसंसर्गाने दगावायची. काहींच्या आईला दूधच आलेलं नसायचं, काहींची आई स्वतःच अत्यवस्थ. इथल्या नवजात बाळांच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९मध्ये इथे मातृदुधाची बँक उभी राहिली. आशियातली पहिली! रक्त तपासून घेतलेल्या बाळंतिणी आपलं जास्तीचं दूध देतात. ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गार करून, गोठवून ठेवतात. मग नाकातून घातलेल्या बारीक नळीने ते मूठभर जिवाच्या पोटात थेंबाथेंबाने जातं. दूध देणाऱ्या कित्येक बायका आसपासच्या वस्त्यांतल्या. ज्यांना आपण 'गरीब पेशंट' म्हणतो, त्यांनी परक्यांची लेकरं जगवली आहेत.

वाचलेलं बाळ वस्तीत परत गेलं की पुन्हा आजारी पडतं, हेही फर्नांडिसबाईंनी पाहिलं होतं. १९९९मध्ये त्यांनी 'स्नेहा' संस्था काढली, ती धारावीसारख्या वस्त्यांत आया-बाळांसाठी काम करते. वॉर्डातलं काम वस्तीपर्यंत नेणारी अशी माणसं सरकारी नोकरीतच घडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

डीनसाहेबांची नावं बोर्डावर असतात. पण रात्रपाळीला बाळंतिणीला धीर देऊन दूध काढायला शिकवणाऱ्या सिस्टर, बाटल्या उकळणाऱ्या आयाबाई, वॉर्डबॉय यांची नोंद कुठे आहे? त्या पिढीतले बरेच जण आता निवृत्त आहेत, थकले आहेत. महापालिकेने त्यांच्या आठवणी नीट लिहून घ्यायला हव्यात, आणि तेही लवकर. तोवर तुमच्या घरात, चाळीत, नात्यात सायनला नोकरी केलेलं कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि त्यांना बोलू द्या.